नेमबाजीसाठी पहिले एअर पिस्तूल: खिशाला परवडेल असे कसे निवडावे

रेंजवर नव्याने येऊ लागलेल्या माणसाला साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःच्या पिस्तुलाचे वेध लागतात. कोणते घ्यावे, हे तो प्रशिक्षकाऐवजी शेजारच्या लेनवरच्या नेमबाजाला विचारतो, आणि शेजारचा त्याच्या स्वतःच्या हातात जे असते तेच सुचवतो. अशा सल्ल्यावर पैसे घालवलेली आणि वर्षभरात तेच पिस्तूल निम्म्या किमतीत विकायला काढलेली बरीच माणसे मी पाहिली आहेत. त्यांतला एक मी स्वतः आहे. हा लेख १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारापुरता आहे. आपल्याकडे पिस्तूल नेमबाजीची सुरुवात जवळजवळ नेहमी याच प्रकाराने होते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने कांस्यपदक मिळवल्यापासून याविषयी विचारणारेही वाढले आहेत.

सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तपशील कशासाठी आहे ते कळेल. पहिल्या पिस्तुलाच्या बाबतीत वेग, ताकद, दिसणे आणि छापलेले नाव या चार गोष्टींना फारशी किंमत देऊ नये. पैसा मूठ आणि ट्रिगर या दोनच गोष्टींवर खर्च करावा. उरलेले सगळे त्यांच्यामागून येते.

आधी कायदा आणि प्रकार

भारतात ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवेच्या शस्त्राला शस्त्रपरवाना लागत नाही. ही मर्यादा २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास भरते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही: जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, आणि पक्ष्या-प्राण्यांवर ते चालवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अंगाशी येऊ शकते. खरेदीच्या वेळी ओळखपत्राची प्रत द्यावी, पक्के बिल घ्यावे, त्यावर पिस्तुलाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि त्या बिलाची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवावी. प्रवासात नाकाबंदीवर पेटी उघडायला सांगितली गेली, तर ते बिल आणि क्लबचे ओळखपत्र एवढे दोनच कागद उपयोगी पडतात. पिस्तूल नेहमी बंद पेटीतूनच न्यावे.

.२२ बोअरच्या पिस्तुलाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले ते याच बोअरच्या पिस्तुलाने, त्यामुळे अनेकांना थेट तिकडेच जायचे असते. पण ते दारूगोळ्याचे शस्त्र आहे. त्याला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडून परवाना काढावा लागतो, गोळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि परवानगी असलेल्या रेंजबाहेर ते झाडता येत नाही. हवेच्या पिस्तुलावर दोन-तीन वर्षे काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. खर्चाची बाब आहेच. शिवाय एका हाताने स्थिर धरणे आणि ट्रिगर सरळ मागे आणणे हे दोन्ही १० मीटरवर जितके स्वस्तात शिकता येते तितके दुसरीकडे कुठेही येत नाही.

आता स्पर्धेच्या नियमांपैकी खरेदीला लागू असलेले तेवढे सांगतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असावा. पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. ट्रिगरचा भार, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम. दुर्बीण, लेझर किंवा लाल ठिपक्याची साइट चालत नाही. पुढे नळीच्या टोकाशी माशी (नेम धरायचा बारीक खुंट) आणि मागे खाच अशी उघडी साइटच हवी. पिस्तूल एकाच हातात धरायचे असते आणि मनगट मोकळे राहिले पाहिजे, म्हणून मनगटाला वेढणारी मूठ बाद होते. दुकानातल्या काचेमागे मांडलेली बरीचशी पिस्तुले एवढ्या चाळणीतच गळून पडतात. विशेषतः लष्करी पिस्तुलासारखी हुबेहूब दिसणारी, पोलादी गोळ्या उडवणारी जी पिस्तुले असतात, त्यांच्या नळीला आतून छर्र्याला गिरकी देणारे आटे नसतात, त्यामुळे ती १० मीटरवर नेमकी चालत नाहीत. आणि पोलादी गोळी कठीण पृष्ठभागावरून जोरात परत येते. ती घेऊ नयेत. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

खरेदीपूर्वीचे तीन महिने

पहिली खरी पायरी म्हणजे काहीच न घेणे. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला आणि आता जिल्ह्याच्या अनेक गावांतही एअर रेंज आहेत, आणि बहुतेक क्लबांत नवख्यांसाठी क्लबची पिस्तुले असतात. निदान तीन महिने त्यांच्यावरच नेमबाजी करावी आणि एक साधी वही ठेवावी. वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते पिस्तूल होते, दहा-दहा छर्र्यांच्या मालिकांचे गुण किती आले, आणि हाताला काय खटकले. मूठ सैल वाटली, करंगळी खालून निसटत होती, पुढचा भाग जड वाटला, ट्रिगर लांब पडला, अशा नोंदी वीस-पंचवीस दिवसांच्या जमल्या की आपल्याला काय हवे आहे ते आपल्याच अक्षरात समोर दिसते. जाहिरातीतून किंवा मित्राच्या बोलण्यातून ते कळत नाही.

याच काळात डोळ्याचा निकाल लावून घ्यावा. दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये लहानशी खिडकी करावी, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहावे, आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना घड्याळ खिडकीतच राहते तो आपला मुख्य डोळा. मुख्य डोळा उजवा आणि लिहिण्याचा हातही उजवा असेल तर प्रश्न नाही. ते उलटसुलट असतील तर कोणत्या हाताने शिकायचे याचा निर्णय प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आधी घ्यावा, कारण स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ डावी किंवा उजवी अशी ठरलेली असते, आणि डावी मूठ वेगळी मागवावी लागते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी नेत्रतज्ज्ञाकडेही जाऊन यावे. नेमबाजाला लक्ष्य स्पष्ट दिसणे आवश्यक नसते; हात ताणल्यावर डोळ्यापासून साधारण पाऊण ते एक मीटरवर असणारी माशी लख्ख दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर राहिले तरी चालते. त्या अंतरासाठी बनवलेल्या एका साध्या चष्म्याने अनेकांचे गुण जितके सुधारतात तितके महागड्या पिस्तुलाने सुधारत नाहीत.

हवा कशी दाबली जाते

स्प्रिंगचे पिस्तूल सर्वांत स्वस्त, आणि आपल्याकडे सहज मिळणारे. नळी दुमडून किंवा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची, ट्रिगर दाबला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवा दाबून छर्रा ढकलतो. अडचण अशी की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच तो जड दट्ट्या पिस्तुलाला हिसका देतो, त्यामुळे हाताची पकड रोज तंतोतंत सारखी नसेल तर छर्रे विखुरतात. नवख्याची पकड रोज सारखी नसते, म्हणूनच तो नवखा असतो. शिवाय छर्रा न भरता ते झाडले तर दट्ट्या आणि स्प्रिंग दोन्हींना मार बसतो, म्हणजे कोरडा सराव बंद.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले एके काळी स्पर्धांत सर्रास होती. आता जुन्या बाजारातच दिसतात. त्या वायूचा दाब तापमानावर चालतो: २० अंशांना तो सुमारे ५७ बार (बार हे दाबाचे एकक) असतो, आणि ऊन चढेल तसा तोही चढतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सकाळच्या आणि दुपारच्या छर्र्यांची उंची वेगळी पडेल. हा पर्याय सोडून द्यावा.

तिसरा प्रकार एकदा दांडा ओढून हवा दाबणाऱ्या पिस्तुलांचा, आणि कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याने सर्वांत आधी तिकडे पाहावे असे मला वाटते. प्रत्येक छर्र्यासाठी दांडा ओढावा लागतो, पण पुढे सिलिंडर नाही, पंप नाही, वायू नाही, झटका जवळजवळ नाही. स्पेनचे गामो कॉम्पॅक्ट, जर्मनीचे वाइराउख एचडब्ल्यू ७५ आणि रशियातील इझेव्स्कला बनलेले बैकाल आयझेडएच ४६ एम ही या जातीची माहितीतली नावे. त्यांपैकी बैकाल दिसायला ओबडधोबड आणि वजनाला जड आहे, पण नळी आणि ट्रिगर इतके चांगले की जगभर क्लबांतल्या नेमबाजांनी ते वर्षानुवर्षे वापरले. जुन्या नेमबाजाकडे चांगल्या स्थितीत मिळाले तर दुसऱ्यांदा विचार करू नये. एक उणीव मात्र आहे. साठ छर्र्यांच्या स्पर्धेत सरावाचे छर्रे धरून ऐंशीएक वेळा दांडा ओढावा लागतो, आणि त्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा थकतो.

चौथा प्रकार आज रेंजवर दिसणारा: नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत हवा आधीच भरून ठेवायची, आणि एका भरणीत शंभराहून अधिक छर्रे झाडायचे. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही सगळी नावे याच प्रकारातली. हॅमर्ली एपी २० हे याच जातीतले हलके आणि तुलनेने स्वस्त पिस्तूल नवख्यांना समोर ठेवूनच बनवलेले आहे. घरचे मूल नेमबाजी करणार असेल आणि बजेट ताणता येत असेल तर हा प्रकार घ्यावा.

वेगाविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण दुकानदार पहिल्यांदा तेच सांगतो. सेकंदाला १५० मीटर वेगाचा छर्रा १० मीटरवर पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली येतो, १०० मीटर वेगाचा सुमारे पाच सेंटिमीटर. हा फरक मोठा वाटतो, पण तो प्रत्येक छर्र्याला सारखाच असतो, आणि मागच्या साइटचा स्क्रू एकदा फिरवला की संपतो. वेग किती आहे यापेक्षा तो दर वेळी तेवढाच राहतो की नाही एवढेच पाहावे.

ट्रिगर आणि साइट

लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, आणि त्यापुढचे प्रत्येक वलय ८ मिलिमीटर रुंद. माशी आणि खाच यांमधले अंतर ३३० मिलिमीटर धरा. आता संपूर्ण हात एक मिलिमीटर उजवीकडे सरकला, पण माशी खाचेच्या मधोमध राहिली, तर छर्राही एकच मिलिमीटर उजवीकडे पडेल आणि दहा गुण कुठे जाणार नाहीत. मात्र हात जागचा न हलता केवळ माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर ती चूक ३० मिलिमीटर होते, आणि दहाचा सात होतो. ही एक मिलिमीटरची सरक बहुतेक वेळा ट्रिगर ओढतानाच होते. खराब ट्रिगरची किंमत अशी मोजली जाते.

चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडे मागे येते आणि एका स्पष्ट अडसरापाशी थांबते. मग किंचित भार वाढवला की तो काच तुटल्यासारखा सुटतो आणि सुटल्यावर पुढे धावत नाही. अडसरापलीकडे ट्रिगर घसरत, खरखरत, वाळूतून ओढल्यासारखा येत असेल तर ते पिस्तूल परत ठेवावे. ट्रिगरची पट्टी पुढेमागे आणि तिरपी करता येते का ते पाहावे, कारण बोटाच्या पहिल्या पेराची गादी पट्टीवर सरळ टेकली पाहिजे आणि बाकीचे बोट मुठीच्या लाकडाला अजिबात लागता कामा नये.

भार तपासण्यासाठी वजने नसतील तर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पुरते. बाटली, झाकण आणि तिला बांधलेली सुतळी मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम भरेपर्यंत थोडे पाणी काढून टाकावे. पिस्तुलात छर्रा नाही हे दोनदा पाहावे, ट्रिगर चढवावा, नळी वर करून पिस्तूल उभे धरावे, सुतळीचा फास ट्रिगरच्या मधोमध अडकवावा आणि टेबलावरची बाटली सावकाश उचलावी. बाटली अधांतरी लोंबकळली आणि ट्रिगर सुटला नाही तर तो नियमात आहे. पहिल्याच प्रयत्नात सुटला तर आधीच्या मालकाने तो हलका करून ठेवला आहे, आणि स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल अडकेल. स्क्रू फिरवून भार वाढतो का ते लगेच पाहावे. वाढत नसेल तर आतले काहीतरी झिजले आहे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे पिस्तूल फार गुळगुळीत चालते, पण पहिल्या खरेदीत त्याची गरज नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी थांबली. तिच्यासोबत प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या रेंजवर सराव करणाऱ्याकडे यांपैकी काही असेलच असे नाही. त्याने साधा यांत्रिक ट्रिगर घ्यावा आणि आपल्या भागात तो दुरुस्त करणारा कोण आहे ते आधी विचारावे.

साइटच्या बाबतीत मागणी कमी आहे. मागची खाच वर-खाली आणि डावी-उजवी हलली पाहिजे, आणि साइटच्या स्क्रूच्या प्रत्येक खटक्याला छर्रा तेवढाच सरकला पाहिजे. माशी बदलता येत असेल किंवा खाचेची रुंदी कमीजास्त करता येत असेल तर उत्तम, कारण हात लांब करून पाहिल्यावर माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी पट्टी दिसली पाहिजे. ती पट्टी बारीक असेल तर डोळा लवकर शिणतो.

मूठ

इथे मी फसलो. माझे पहिले स्पर्धेचे पिस्तूल मी एका जुन्या नेमबाजाकडून घेतले. पिस्तूल उत्तम होते, किंमत रास्त होती, आणि मूठ मोठ्या मापाची होती. ‘सवय होईल’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि मलाही ते पटवून घ्यायचे होते. चार महिने छर्रे सतत डावीकडे खाली पडत राहिले. साइट फिरवून फिरवून तिचा स्क्रू टोकाला गेला, तेव्हा प्रशिक्षकांनी माझा हात न धरता नुसते पिस्तूल धरलेल्या हाताकडे खालून पाहिले आणि विचारले, ‘तळहात आणि लाकूड यांच्यामध्ये तुमचा अंगठा जाईल एवढी जागा कशी?’

मूठ तपासण्याची रीत अशी. डोळे मिटावेत, पिस्तूल हातात बसवावे, हात खांद्याच्या उंचीला उचलावा, दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेत आपोआप मधोमध आलेली असेल तर मूठ आपली आहे. माशी उजवीकडे किंवा डावीकडे दिसली आणि मनगट वळवून ती जागेवर आणावी लागली, तर साठ छर्र्यांपैकी निदान पंधरा वेळा ते मनगट आपल्या मूळ जागी परत जाईल. ही चाचणी दहा वेळा करावी. दुकानदार घाई करत असेल तर पिस्तूल खाली ठेवून चहाला जावे.

मुठीखालचा सरकता पाट तळहाताच्या कडेला अलगद टेकला पाहिजे. तो आवळून बसवला की बोटे बधिर होतात आणि हात थरथरतो. मधले आणि अनामिका ही दोन बोटे पकडीचे खरे काम करतात, त्यांची पेरे मुठीच्या पुढच्या अंगाला सरळ मागे दाबली गेली पाहिजेत. मोठी मूठ लहान करणे अवघड, लहान मूठ वाढवणे सोपे. म्हणून दोन मापांत शंका असेल तर लहान घ्यावी. जिथे पोकळी राहते तिथे लाकडात भरायची लांबी (पुट्टी) लावावी, ती ओली असतानाच हातावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून मूठ नेहमीसारखी धरावी, रात्रभर वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे घासून काढावेत. मी हे आमच्या गॅलरीत तीन रविवार केले. एका वेळी एकच जागा भरायची आणि आठवडाभर त्यावर सराव केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की मूठ बिघडत नाही.

पैशांचा हिशेब

स्प्रिंगची देशी पिस्तुले काही हजारांत मिळतात. वर सांगितलेल्या नामांकित परदेशी पिस्तुलांची नवी किंमत लाखाच्या वर जाते. आयातीचा कर आणि रुपयाचा भाव यांमुळे आकडे हलत राहतात, म्हणून निदान तीन विक्रेत्यांकडून लेखी दर घ्यावेत आणि त्यांत पेटी, जादा सिलिंडर, भरणीचा जोड आणि कर धरला आहे का ते पाहावे.

पण पिस्तुलाची किंमत हा एकदाच होणारा खर्च आहे, आणि लोक फसतात ते दुसऱ्या खर्चात. आठवड्यातून चार दिवस, रोज ८० छर्रे, म्हणजे आठवड्याला ३२० आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर १६,००० छर्रे. एका डब्यात ५०० असतात, म्हणजे वर्षाला ३२ डबे. आपल्या छर्र्याचा भाव ३२ ने गुणावा, त्यात क्लबची फी आणि लक्ष्यकागद मिळवावेत, आणि जो आकडा येईल तो पिस्तुलाच्या बजेटमधून आधी वजा करावा. महागडे पिस्तूल घेऊन छर्र्यांसाठी हात आखडणारा नेमबाज मागे पडतो. साध्या पिस्तुलावर वर्षभर बत्तीस डबे संपवणारा पुढे जातो.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्यावेत, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतो. रोजच्या सरावाला मधल्या किमतीचे पुरतात. आरडब्ल्यूएस आर १० किंवा एच अँड एन फिनाले मॅच यांसारखे वरच्या दर्जाचे छर्रे स्पर्धेपुरते ठेवावेत, आणि त्यांतही ४.४९, ४.५० अशा मापांपैकी आपल्या नळीला कोणते मानवते ते पाच-पाच छर्रे झाडून पाहावे.

जुने पिस्तूल घेताना

परवडणारे चांगले पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी वापरलेले चांगले पिस्तूल, आणि तसे घेण्यात कमीपणा नाही. फक्त सर्वांत आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षे धरली जाते, आणि स्पर्धेत तो मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. मुदत संपलेला सिलिंडर २०० बारला भरणे धोक्याचे आहे. त्याचा बदली सिलिंडर मिळतो का आणि केवढ्याला, ते विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. मिळतच नसेल तर व्यवहार सोडावा.

मग सिलिंडर भरून मापकाचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती बहुधा रबरी कड्याची असते आणि स्वस्तात निघते, पण ती तुमच्या पैशाने निघावी की विकणाऱ्याच्या, हे रात्रीनंतरच ठरवावे. नळीच्या तोंडाला ओरखडा नाही ना, आत गंज नाही ना हे टॉर्चने पाहावे. कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या पिस्तुलाला विशेष. शेवटी टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, तिच्यावर टेकून १० मीटरवर पाच छर्रे झाडावेत. पाचांचे मिळून जवळजवळ एकच भोक पडले पाहिजे. हे झाडणे त्या पिस्तुलाचा नेहमीचा मालक नव्हे तर तुमचे प्रशिक्षक करोत. मूळ बिल मागावे, अनुक्रमांक जुळवावा आणि खरेदीची पावती दोघांच्या सहीने करावी.

घरी आणल्यानंतर

पहिले पंधरा दिवस साइटला हात लावू नये. छर्रे एका जागी पडत असतील, ती जागा दहापासून लांब असली तरी चालेल. जागा स्थिर झाल्यावर मग खटके मोजून साइट फिरवावी आणि किती खटके फिरवले ते वहीत लिहावे. घरी रोज वीस मिनिटे कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, लक्ष्य न लावता आणि छर्रा न भरता सराव करावा, आणि ट्रिगर सुटताना माशी खाचेत हलते का तेवढेच पाहावे. यासाठी ट्रिगर हवेविना चढवण्याची सोय पिस्तुलात आहे की नाही, हे खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवलेले बरे. घरात छर्रे झाडायचे असतील तर मागे पत्र्याचा किंवा जाड लाकडाचा सापळा, त्यामागे पक्की भिंत, आणि त्या दिशेला दार किंवा खिडकी नाही अशी जागा हवी; चष्मा घालावा, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

सिलिंडर काढून एका कप्प्यात, पिस्तूल दुसऱ्यात आणि छर्रे तिसऱ्यात ठेवावेत. कपाटाला कुलूप लावावे, आणि घरात मूल असेल तर त्या कुलपाची किल्ली देवघरातल्या किंवा फ्रिजवरच्या नेहमीच्या खिळ्याला टांगू नये.